भाज्या भरपूर, कुळं मोजकी

पावभाजीच्या तव्यावर बटाटा, टोमॅटो, ढोबळी मिरची, फ्लॉवर, मटार आणि कांदा एकत्र घोटले जातात, आणि मुलांच्या पोटात निदान भाज्या तरी जातात या समाधानात घरोघरी ती वाढली जाते. वनस्पतिशास्त्राच्या नजरेने याच तव्याकडे पाहिलं तर हिशेब बदलतो. बटाटा, टोमॅटो आणि ढोबळी मिरची ही तिन्ही वांग्याच्या कुळातली, आणि त्यात पडणारं लाल तिखटही त्याच कुळातलं. फ्लॉवर मोहरीच्या कुळातला, मटार शेंगांच्या, कांदा स्वतःच्या. वरची कोथिंबीर धरली तर पाच कुळं झाली, पण वजनाचा मोठा वाटा एकट्या वांगी-कुळाचाच. आता भाद्रपदातली ऋषिपंचमीची भाजी घ्या. अळूचे देठ आणि सुरण एका कुळातले, लाल माठ दुसऱ्या. पडवळ, शिराळं आणि लाल भोपळा तिसऱ्या. भेंडी चौथ्या, मक्याचं कणीस पाचव्या, रताळं गारवेलीच्या म्हणजे सहाव्या. चवळीच्या शेंगा, शेंगदाणे आणि चिंच सातव्या. आणि आंबटपणासाठी आंबाडे टाकले तर आंब्याचं आठवं कुळ. मसाला जवळजवळ नाही, बैलाच्या श्रमाने पिकलेलं काही नाही, आणि घरात कोणीही ती पोषणाच्या नावाने करत नाही. तरीही एका पातेल्यात आठ कुळं येतात. हा फरक धर्माचा किंवा जुन्या काळाच्या थोरवीचा म्हणून इथे मांडलेला नाही. विविध भाज्या खाव्यात असं सगळेच सांगतात, पण विविधता मोजायची कशी हे फारसं कोणी सांगत नाही, आणि ते न सांगितल्यामुळे गल्लत होते, एवढंच यातून दाखवायचं आहे.

अधिकृत सल्ला बहुतेक ठिकाणी ग्रॅमच्या भाषेत असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या, बटाट्यासारखे पिष्टमय कंद वगळून, असा आकडा दिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यात दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सुचवली आहेत. दोन्हीकडे 'विविध' हा शब्द आहे, पण विशेषणापुरता. ग्रॅम तराजूवर पडतात, विशेषण पडत नाही. त्यामुळे सल्ला घरापर्यंत पोचतो तेव्हा 'भाजी जास्त खा' एवढाच उरतो, आणि ती जास्तीची भाजी म्हणजे कोबीची दुसरी वाटी असते. या लेखाचं म्हणणं असं आहे की महाराष्ट्रासारख्या ठिकाणी आज प्रमाणाइतकाच प्रकारांचा प्रश्न गंभीर आहे. प्रकार मोजायचे तर भाज्यांच्या नावांपेक्षा त्यांची कुळं मोजावीत, आणि एका ताटाऐवजी पूर्ण वर्षाचा हिशेब धरावा.

पण प्रकार वाढवल्याने खरंच काही फरक पडतो का? पुरावा एकसुरी नाही, हे आधी मान्य करायला हवं. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात साधारण ११ वर्षं चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. फळं-भाज्या सर्वांत जास्त प्रमाणात खाणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा २१ टक्क्यांनी कमी दिसला, तर सर्वांत जास्त प्रकार खाणाऱ्यांमध्ये तो ३९ टक्क्यांनी कमी दिसला. युरोपातल्या दहा देशांच्या मोठ्या पाहणीत, धूम्रपान चालू असलेल्यांपैकी ज्यांच्या आहारात भाज्यांचे प्रकार जास्त, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. इथवर सगळं सोयीचं. पण अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य-व्यावसायिकांच्या एक लाखाहून मोठ्या गटांचा अभ्यास २०१३ मध्ये आला आणि त्याने उलट सांगितलं: हृदयविकाराच्या बाबतीत फरक पडतो तो किती खाल्लं याने, किती प्रकारचं खाल्लं याने नव्हे. विविधतेची बाजू मांडणारे लेख हा अभ्यास बहुधा गाळतात. तो गाळू नये, कारण तो एक रास्त आक्षेप पुढे ठेवतो: ज्याच्या ताटात मुळात दीडशे ग्रॅम भाजी पडते त्याला प्रकारांचं व्याख्यान देण्यात काय अर्थ आहे?

या आक्षेपाला दोन उत्तरं आहेत. पहिलं, याच अमेरिकी गटांच्या २०२१ मधल्या पुढच्या विश्लेषणात दिसलं की सगळ्या भाज्या सारख्या नाहीत. हिरव्या पालेभाज्या, गाजरासारख्या कॅरोटिनयुक्त भाज्या आणि लिंबूवर्गीय फळं यांचा मृत्यूचा धोका घटण्याशी संबंध आढळला. बटाटा, मका, मटार आणि फळांचे रस यांचा आढळला नाही. म्हणजे प्रमाणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही कोणत्या प्रकारचं प्रमाण, हा प्रश्न चुकत नाही. दुसरं उत्तर भुकेशी निगडित आहे. एकच चव पुढे येत राहिली की त्या चवीपुरतं पोट भरतं आणि नवी चव आली की पुन्हा हात पुढे जातो, हे बार्बरा रोल्स यांच्या १९८० च्या दशकापासूनच्या प्रयोगांनी दाखवलं. त्यांच्याच गटाने पुढे ताटात एकाऐवजी तीन वेगवेगळ्या भाज्या ठेवून पाहिल्या, तर लोकांनी एकूण भाजी जास्त खाल्ली. आपल्याकडच्या ताटाची रचना, एक रस्सा, एक सुकी भाजी, कोशिंबीर, चटणी, बाजूला मुळ्याची चकती, ही नेमकी या स्वभावावर बेतलेली आहे. तेव्हा प्रमाण आधी की प्रकार आधी, हा वाद व्यवहारात फारसा टिकत नाही. प्रकार वाढवणं हाच प्रमाण वाढवण्याचा सोपा रस्ता आहे.

कुळांचा मुद्दा इथे येतो. वर सांगितलेल्या बहुतेक पाहण्यांनी भाज्यांची नावं मोजली. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा आणि नवलकोल खाणाऱ्याला पाच गुण मिळाले, पण ही पाचही मोहरीची भावंडं. एका कुळातल्या वनस्पतींची रसायनं बरीचशी सारखी असतात. मोहरी-कुळातला गंधकयुक्त उग्रपणा, भोपळा-कुळातला कडवटपणा, कांद्याचा झोंबरेपणा ही त्याचीच चिन्हं. या दृष्टीने अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये झालेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग लक्षणीय आहे. १०६ स्त्रियांचे दोन गट केले, दोन्ही गटांना भरपूर फळं-भाज्या दिल्या. एका गटाला पाच वनस्पती-कुळांतल्या, दुसऱ्याला अठरा कुळांतल्या. दोन आठवड्यांनी शरीरातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण दोन्ही गटांत घटलं, पण डीएनएचं घटलं ते फक्त अठरा कुळंवाल्या गटात. प्रयोग लहान, मुदत थोडी, आणि मोजल्या त्या रक्ता-लघवीतल्या खुणा, आजार नव्हेत. यावरून डोंगर उभा करू नये. पण प्रमाण सारखं ठेवून फक्त कुळं बदलणारा प्रयोग म्हणून त्याचं मोल आहे. त्याला जोड २०१८ च्या अमेरिकी आतड्यांच्या प्रकल्पाची: आठवड्यात तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यांतले जीवाणू, दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त वैविध्याचे आढळले. हा तीसचा आकडा आता समाजमाध्यमांवर मंत्रासारखा फिरतो. तो लोकांनी स्वतः सांगितलेल्या आहारावर आधारलेला आहे, आणि धान्यं, डाळी, मसाले, बिया धरल्या तर साध्या मराठी घरात तो गाठणं अजिबात अवघड नाही.

भाजीतला गुण नेमका कशात आहे हे आपल्याला पुरतं ठाऊक नाही, याचा धडा गोळ्यांनी दिला. गाजर-पालेभाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं दिसल्यावर बीटा-कॅरोटिन वेगळं काढून गोळीत भरलं गेलं. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला असाच प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. पालेभाजीत बीटा-कॅरोटिनबरोबर आणखी शेकडो द्रव्यं असतात; त्यांतलं कोणतं, कशाच्या सोबतीने काम करतं, हे अजून उलगडायचं आहे. तोवर शहाणपण यातच आहे की एका द्रव्यावर किंवा एका 'सुपरफूड'वर पैज लावू नये, ताटात निरनिराळी कुळं येऊ द्यावीत.

मग आपल्या ताटात कुळं किती येतात? देशात २०२२-२३ मध्ये भाज्यांचं उत्पादन २१ कोटी टनांच्या पुढे गेलं. त्यात बटाटा सुमारे सहा कोटी, कांदा तीन कोटी, टोमॅटो दोन कोटी टन. म्हणजे तीन पिकांनीच निम्मा हिस्सा व्यापला. सरकारनेही २०१८ च्या अर्थसंकल्पात या तिघांसाठीच 'ऑपरेशन ग्रीन्स' आखलं, कारण भाव चढले की ओरड होते ती यांच्याच नावाने. चाकवताचा भाव तिप्पट झाला म्हणून कोणाचं सरकार डळमळल्याचं ऐकिवात नाही. बाकीच्या निम्म्यात वांगी, कोबी, फ्लॉवर, भेंडी यांचा वरचष्मा. याचं कारण लोकांच्या आवडीनिवडीपेक्षा वाहतुकीत जास्त आहे. कोबीचा गड्डा गोणीत भरून दोनशे किलोमीटर न्यावा, दोन दिवस ठेवावा, तरी विकता येतो. चाकवत, घोळ, तांदुळजा पहाटे खुडलेला दुपारी मान टाकतो. वाशीच्या घाऊक बाजारातून ज्या साखळीने शहर जेवतं, त्या साखळीला टिकणारी, एकसारख्या आकाराची, क्रेटमध्ये मावणारी भाजी हवी असते. राज्याने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, थेट विक्रीची वाट मोकळी झाली. पण शेतकऱ्याने बी कोणतं पेरावं हे अजूनही तीच साखळी ठरवते. मेस, कँटीन, लग्नाचे केटरर आणि डबेवाले यांचंही तसंच. पाचशे माणसांसाठी शेपू निवडत बसायला कोणाला वेळ आहे? म्हणून मॉलच्या भाजी-विभागात चाळीस टोपल्या दिसतात, त्यात लाल-पिवळ्या ढोबळ्या, तीन रंगांचा कोबी, चेरी टोमॅटो असतात, आणि कुळं मात्र मोजकीच भरतात.

पैशाचा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १८ देशांतल्या 'प्युअर' या पाहणीने २०१६ मध्ये हिशेब मांडला: रोज दोन वाटे फळं आणि तीन वाटे भाज्या प्रत्येकाला द्यायच्या तर गरीब देशांतल्या कुटुंबाच्या उत्पन्नाचा ५२ टक्के भाग त्यातच जाईल, श्रीमंत देशांत दोन टक्केही नाही. भारत त्या गरीब गटात होता. मजुरीवर जगणाऱ्या घराला 'रंगीबेरंगी ताट' सुचवणं ही चेष्टाच आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. त्याच पाहणीने पुढच्या वर्षी दाखवलं की फळं, भाज्या आणि कडधान्यं मिळून दिवसाला तीन-चार वाटे, म्हणजे पावणेचारशे ते पाचशे ग्रॅम, इथवरच मृत्यूचा धोका मुख्यतः घटतो. त्यापुढे फारसा लाभ नाही, आणि कडधान्यं आपल्याकडे आधीच ताटात आहेत. दुसरं, २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण घरांचा ५.४ टक्के खर्च भाज्यांवर आणि ३.७ टक्के फळांवर झाला, तर शीतपेयं, फरसाण आणि तयार पदार्थांवर ९.६ टक्के. शहरांत फळं आणि भाज्या प्रत्येकी ३.८ आणि तयार पदार्थ १०.६ टक्के. बिस्किटाचा पुडा हाताशी असतो, शिजवावा लागत नाही, सडत नाही. त्यामुळे यात गरिबाला दोष देण्यासारखं काही नाही. पण पैसा अजिबात नाही हे सरसकट उत्तर खरं नाही, एवढं यातून कळतं. आणि प्रकार वाढवण्याचा खर्च तर मुळातच कमी आहे. घेवड्याऐवजी एक दिवस अंबाडी, फ्लॉवरऐवजी शेवग्याचा पाला किंवा मुळ्याचा पाला, जो भाजीवाल्याकडे बरेचदा तोडून टाकलेला असतो. महागडे प्रकार हवेत असं शास्त्रात कुठेही म्हटलेलं नाही. ते जाहिरातीत म्हटलेलं आहे.

हेच फळांना लागू पडतं. पेरूत संत्र्याच्या साधारण चौपट क जीवनसत्त्व असतं, आवळ्यात त्याहून जास्त. तरी आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत किवी आणि मेण लावलेलं सफरचंद असतं. रोजगार हमीला जोडून १९९० मध्ये राज्याने फळबाग योजना काढली आणि डाळिंब, संत्री, आंबा, काजू यांखालचं क्षेत्र झपाट्याने वाढलं. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, ही मोठी गोष्ट झाली. पण बागेतलं फळ बागवानाच्या घरच्या ताटात आपोआप येत नाही, ते बाजारात जातं. आणि ज्यांची बाग कोणी लावत नाही ती करवंदं, जांभळं, बोरं, कवठ, आळू ही फळं शाळेबाहेरच्या टोपलीपुरती उरली, त्या टोपल्याही आता पाकिटबंद वेफर्सपुढे मागे पडल्या. ही फळं रस काढून न पिता चावून खाल्ली जातात, हाही त्यांचा गुणच.

दुसरा आक्षेप फवारणीचा. 'औषध मारलेल्या दहा भाज्या खाण्यापेक्षा दोनच खाव्यात' असं सुशिक्षित घरांतही ऐकू येतं. भीती निराधार नाही. युरोपात २००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि माल अडला. त्यानंतर २००६ पासून अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात-संस्थेने 'ग्रेपनेट' सुरू केलं. आज निर्यातीच्या द्राक्षाच्या पेटीवरून मागे जात थेट बागेपर्यंत पोचता येतं, अंश तपासल्याशिवाय माल जहाजावर चढत नाही. ही द्राक्षं पिकवणाऱ्या नाशिक जिल्ह्यातूनच मुंबईला येणाऱ्या टोमॅटोच्या क्रेटला असा कुठलाही माग नाही. परदेशी गिऱ्हाइकासाठी जे वीस वर्षं जमतंय ते देशी गिऱ्हाइकासाठी जमत नाही, याला तंत्राची अडचण म्हणता येणार नाही. मात्र यातून 'भाज्या कमी खा' हा निष्कर्ष निघत नाही. वर सांगितलेल्या सगळ्या पाहण्या बाजारातल्या फवारलेल्या भाज्या खाणाऱ्यांवरच झाल्या आणि लाभ तरीही दिसला. उलट फवारणीची भीती असेल तर प्रकार वाढवणंच बरं. प्रत्येक पिकावरची कीड वेगळी, औषध वेगळं. रोज तेच तीन जिन्नस खाणाऱ्याच्या पोटात त्याच औषधाचे अंश पुन्हा पुन्हा जातात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने वरवरचे अंश जातात, आत शिरलेले जात नाहीत. माठ, घोळ, कुर्डू यांच्यावर मुळात कोणी महागडी फवारणी करतच नाही, कारण त्यातून ती वसूल व्हायची नाही.

रानभाज्यांबद्दल मात्र थोडं सबुरीने बोलायला हवं, कारण सध्या त्यांचा उत्सव चालू आहे. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, टाकळा, फोडशी, भारंगी, कर्टोली यांची छायाचित्रं छापून येतात. ही चांगलीच गोष्ट. पण रानभाजी ओळखणं आणि शिजवणं हे ज्ञान आहे, आणि ते भाजीच्या जुडीबरोबर विकत मिळत नाही. पावसाच्या तोंडाशी पालघर-ठाण्याकडच्या बायका शेवळं विकायला आणतात तेव्हा बरोबर काकडांचे छोटे हिरवे वाटे का असतात, हे नवख्या गिऱ्हाइकाला कळत नाही. सुरणाच्या कुळातल्या शेवळांत घशाला खाजवणारे ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. काकडांच्या आंबट रसात ती शिजवली की खाज मरते. अळूच्या फदफद्यात चुका किंवा चिंच पडते ती याचसाठी. काकडं न घेता शेवळं नेणारा माणूस पुन्हा त्या वाट्याला जात नाही. शिवाय शहरातली मागणी वाढली की ओरबाडणं सुरू होतं. पानं खुडली तर रोप वाचतं, कंद उपटला तर पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, त्यांच्या कामाचं मोल इथे कळतं. गावरान वाल-घेवड्यांचं बी त्यांनी नुसतं जपलं नाही, पेरण्यासाठी वाटलं. रानातून आणण्यापेक्षा परसात लावणं, हीच विविधतेची टिकाऊ वाट.

आणखी एक शंका शास्त्र जाणणारे घेतात: जास्त प्रकार खाणारे लोक मुळातच सुस्थितीतले, शिकलेले, चालायला जाणारे असतात, श्रेय भाजीला कशाला? शंका रास्त आहे. संशोधक उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान यांचा हिशेब वजा करून पाहतात, पण तो पूर्ण वजा होतोच असं नाही. त्यामुळे ३९ टक्क्यांसारखे आकडे दिशेपुरते घ्यावेत. जपानने १९८५ मध्ये 'दिवसाला तीस पदार्थ' असा सल्ला दिला होता. २००० च्या नव्या तत्त्वांतून तो आकडा काढून टाकला. नुसती संख्या हाती दिली की लोक संख्याच भरतात आणि खाणं वाढतं. म्हणूनच कुळ मोजावं आणि वर्ष मोजावं. एका दिवसात अठरा कुळं जमवायचा अट्टहास कशासाठी? पावसाळ्यात माठ-अळू-कर्टोली, हिवाळ्यात मेथी-चाकवत-हरभऱ्याचा पाला-गाजर-पावटा, उन्हाळ्यात काकडी-कैरी-शेवगा-फणस असं चक्र फिरलं की ती आपोआप भरतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी, गौरींच्या नैवेद्यातल्या सोळा भाज्या ही त्या चक्राची पंचांगात बसवलेली ठाणी होती. सण उरले, भाज्या मात्र त्या एका दिवसापुरत्या 'भोगीचं पाकीट' म्हणून विकत येतात.

पोषणाचा जमाखर्च पाहता पालेभाज्यांना या चक्रात पहिला मान द्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. नुसत्या पालेभाजीने रक्तक्षय हटणार नाही. वनस्पतीतलं लोह शरीरात थोडंच शोषलं जातं. पण लिंबू पिळलं, सोबत पेरूची फोड खाल्ली तर ते वाढतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं. कॅरोटिन शोषायला थोडं तेल लागतं, तेव्हा फोडणीला घाबरायचं कारण नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ ठेवणारी काही विशिष्ट औषधं घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. मुलं खात नाहीत ही तक्रार जुनीच आहे. नवी चव बाळाने आठ-दहा वेळा तरी चाखल्यावर स्वीकारली जाते, असं प्रयोग सांगतात; बहुतेक घरांत तिसऱ्या वेळेला हात टेकले जातात. गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतलेल्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराची चव जास्त सहज घेतली, हेही २००१ मध्ये दिसून आलं. म्हणजे शिकवणी ताटाच्या आधीच सुरू होते.

तरी सगळा भार घरातल्या बाईच्या निवडण्या-चिरण्यावर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. पालेभाजी निवडायला लागणारा तासभर कोणी द्यायचा, याचं उत्तर घरातल्या पुरुषांनीही द्यायचं आहे. त्याहून मोठा फरक सार्वजनिक स्वयंपाकघरं पाडू शकतात. शालेय पोषण आहाराच्या मानकात प्राथमिकच्या मुलामागे ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. ती आठवड्यात किती कुळांची असावी हे ठरलेलं नाही, म्हणून बटाटा-कोबीवरही ती भागते. 'आठवड्यात किमान चार कुळं, त्यांतली एक स्थानिक पालेभाजी' एवढी ओळ त्यात घातली, तर राज्यातल्या हजारो शाळांच्या आसपास माठ, अंबाडी, शेवगा, चवळी पिकवणाऱ्याला हमखास गिऱ्हाईक मिळेल. ते मिळालं तरच बी टिकेल. महोत्सवाने टिकणार नाही. बचत गट, वसतिगृहं, रुग्णालयं, कारखान्यांची कँटीनं यांनाही हाच नियम लावता येईल, आणि त्याला नवी योजना, नवं नाव, नवं बोधचिन्ह यांची गरज नाही. तोवर वाचकांनी एवढंच करावं: बाजारात पिशवी भरत आली की आतल्या भाज्यांची कुळं मोजावीत, आणि चारच्या खाली भरत असतील तर बटाट्याचा किलो अर्ध्यावर आणून उरलेल्या पैशांत कोपऱ्यात बसलेल्या बाईकडची, नाव माहीत नसलेली जुडी घ्यावी. ती कशी करायची हे तिलाच विचारावं.